अक्काने मागे घेतलेला शब्द

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बायकांना शिव्या द्यायची मुभा असते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग जरा सावध होतो. सावधच व्हावं. वर्षभर सासरी तोंड मिटून काढलेल्या बायका आखाजीला माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे खातात आणि शेवटच्या दिवशी गौराई बुडवायला नाल्यावर जातात. पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बायका त्यांची गौराई घेऊन आलेल्या असतात. मग या काठावरून त्या काठावर गाण्यातून जे काही जातं ते एरवी कोणी कुणाच्या तोंडावर म्हणणार नाही. त्या दिवसाची शिवी लागत नाही, मनात ठेवायची नाही, असा रिवाज. ज्याच्या नावाने गाणं म्हटलं त्याने उत्तर द्यायचं. गप्प बसला तर हरला.

या रिवाजावर आम्ही दोघी बहिणींनी भरवसा ठेवला, तिथेच फसलो.

माझं माहेर पारोळ्याच्या बाजूचं. मला आणि अक्काला मात्र दोघींनाही धुळ्याकडे दिलं, पांझरेच्या काठी. अक्का नदीच्या वरच्या अंगाच्या गावात, मी खालच्या. पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे आहेत, त्यांतून पाट काढलेले, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीने घ्यायचं. कुणाला किती पाणी हे गावाचे पंच ठरवतात आणि त्यावर गावं जगतात. वरच्या बंधाऱ्याची भिंत हातभर चढली तर वरचा कोरडा फड भिजतो आणि खालच्या गावाचा एक फड वाळतो. इतकं साधं आहे ते. लहान पोरालाही कळतं. म्हणून वरचं गाव आणि खालचं गाव यांचं भिंतीवरून पिढ्यान्‌पिढ्या पटलेलं नाही, आणि तरी एकमेकांत सोयरिकी होत राहतात.

अक्काचे सासरे वरच्या गावच्या पाटाचे मुख्य पंच. सगळे त्यांना आबा म्हणत. पहाडी आवाजाचा माणूस. अक्का घरची थोरली सून, म्हणून तिला मान होता, पण सुनेचा मान म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर जेवायचं.

स्वराज्य यायला अजून दहाएक वर्षं असतील तेव्हाची गोष्ट. लोकल बोर्डाची निवडणूक आली होती आणि धुळ्याचा एक वकील उभा होता. नाव लिहीत नाही. त्याच्या नावाची पाटी आता एका चौकात आहे, आणि मला तिच्याशी भांडायचं नाही. दिसायला गोरागोमटा, अंगात पांढरा कोट, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपल्या एकट्याशीच बोलतोय. आमच्या गावात आला तेव्हा मी ओट्याच्या आत दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. भाषण संपलं तसा तो चालत पाटावर गेला, वाकला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, ‘‘या पाण्याची शपथ घेऊन सांगतो. वरच्यांनी मागे गुपचूप चढवलेला थर मी सरकारात रदबदली करून उतरवीन. एक दगड वर चढू देणार नाही.’’ मग ते पाणी प्यायला. गावची म्हातारी माणसं गहिवरली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

त्याच वैशाखात आखाजीला मी आणि अक्का माहेरी आलो. आमची माय तेव्हा धडधाकट होती. मांडे करायला बसली की घरभर पीठ आणि हसणं. आम्ही दोघी झोक्यावर समोरासमोर बसलो होतो आणि अक्का सासरच्या गोष्टी सांगत होती. म्हणाली, ‘‘आमनाकडे वकील उना व्हता. पाटनं पानी ओंजयमा लिधं आनि सांगं, भित हातभर चढाडसू.’’

मी झोका पायाने रोखला.

‘‘आमनाकडे बी तेच करं त्यानी! पन आम्हले सांगं, चढेल थर उतारसू.’’

अक्काने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग दोघींना हसू फुटलं. आधी खूप हसलो. बाकीच्या पोरी भोवती जमल्या, त्यांनाही सांगितलं, त्याही हसल्या. हसून झाल्यावर मला संताप आला. माझा स्वभावच तसा, आधी हसू आणि मग आग. ही दोन गावं एरवी एकमेकांच्या चावडीवर चढत नाहीत, वरच्या पुरुषाने काय ऐकलं ते खालच्याला कळायची सोय नाही, हे त्या माणसाने हेरलं होतं. वरच्या गावची सून आणि खालच्या गावची सून एकाच झोक्यावर बसतात, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बायका त्याच्या हिशेबातच नव्हत्या. आम्हाला मत नव्हतं, पण तोंड होतं.

आणि दैव असं, की नाल्यापलीकडचं गाव त्याची सासरवाडी. आखाजीला जावई म्हणून तो तिथे आला होता. पलीकडच्या गावचा जावई म्हणजे आमच्या गाण्यांना हक्काचं गिऱ्हाईक. गौराई बुडवायच्या दिवशी तो सासऱ्याबरोबर काठावर उभा राहून गंमत बघत होता. आम्ही आदल्या दिवशीच गाणं जुळवून ठेवलं होतं. सुरुवात अक्काने केली, तिचा गळा गोड.

वरे सांगस, भित चढाडसू, खाले सांगस, पाडसू,
पाटनं पानी ओंजयमा लिसन, दोन्ही गावले गाडसू!

सगळ्या बायकांनी उचलून धरलं. पलीकडच्या बायकाही, म्हणजे त्याच्या सासरवाडीच्याच, तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी एवढी खूश झाले होते की काय सांगू. मला वाटलं, आता याला उत्तर द्यावंच लागेल. एवढ्या लोकांसमोर, रिवाजाने बांधलेला. काहीतरी एक बोलावं लागेल, भिंत चढणार की उतरणार, आणि ते एकच वाक्य दोन्ही गावांत जाईल. ही अक्कल आमची. माय मात्र मागून म्हणत होती, ‘‘गानं शे ते. आखाजीना दिन कोनी मनवर लेत नही.’’ तिचाही तोच समज होता.

तो हसला. टाळ्या वाजवल्या त्याने. मग नाल्यात पाणी गुडघाभरही नव्हतं, तो धोतर सावरून थेट आमच्या काठावर आला आणि त्या मऊ आवाजात म्हणाला, ‘‘बहिणींनो, गाणं झकास. पण वरच्या गावात मी असं काही बोललोच नाही. कोण म्हणतं बोललो?’’

आता इथे गाणं संपलं होतं. गाण्यात कुणी एक नसतं, सगळ्या असतात. त्याने गाण्यातून एकीला बाहेर बोलावलं, आणि आमची अक्का, साधी, सरळ, निघाली बाहेर. पदर डोक्यावर नीट केला आणि म्हणाली, ‘‘मी ऐकं. आमना ओटासमोरच उभा ऱ्हाईसन बोलनात तुम्ही.’’

तो चिडला नाही. अगदी मायेने विचारलं, ‘‘कोणाची सून गं तू, बाई?’’

अक्काने आबांच्या घराण्याचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली, पुन्हा हसला आणि परत गेला. बायका म्हणाल्या, हरला हरला, उत्तर न देता गेला. आम्ही गौराई बुडवून गात गात घरी आलो. त्या दिवसाइतकी मजा मला पुन्हा आयुष्यात आली नाही.

अक्काला आणखी आठवडाभर राहायचं होतं. पण तिसऱ्याच दिवशी तिचा दीर छकडा घेऊन दारात उभा. आबांचा निरोप होता, आत्ताच्या आत्ता निघा. मायने केलेले मांडे फडक्यात बांधून दिले. अक्का छकड्यात बसताना म्हणाली, घरी कुणी आजारी असेल. कुणी आजारी नव्हतं.

मी सासरी परतले आणि आमच्या मंडळींना सगळं सांगितलं. माझे यजमान तसे समजूतदार. त्यांनी गावात चार जणांना सांगितलं, आणि गावचे लोक धुळ्याला वकिलाच्या बंगल्यावर विचारायला गेले. मला वाटलं, आता सापडला. वकिलाने त्यांना वरच्या चावडीवरची हकीकत ऐकवली. ते संध्याकाळी परत आले ते माझ्याकडे बघतही नव्हते. यजमानांनी पागोटं खुंटीला लावलं आणि म्हणाले, ‘‘तुनी बहिननी चावडीवर पाटनं पानी हातमा धरीसन सांगं, वकील असं बोलनाच नही. मी खोटं बोलनू, असं सांगं तिनी. आनि तू आम्हले तोंडघशी पाडं.’’

मला खरं वाटेना. मग खरं वाटलं आणि मी अक्कावर भडकले. आम्ही दोघींनी मिळून काढलेलं गाणं, आणि ही सासरच्या दारात पाय टाकताच फिरली! मी सगळ्या गावात लबाड ठरले. पाण्यावर गेले की बायका विचारायच्या, आज काय ऐकलंस गं वरचं? हसायच्या. तिच्या एका शब्दाने मला पुष्कळ दिवस डोकं वर काढता आलं नाही. मतं पडली. वकील निवडून आला. वरच्या गावाने त्याला मतं दिली भिंत चढावी म्हणून, आमच्या गावाने दिली भिंत उतरावी म्हणून. पुढे तो बोर्डाचा मोठा मानकरी झाला. भिंत होती तेवढीच राहिली. माझ्या यजमानांना मी एकदा टोचून विचारलं, की थर कधी उतरतोय, तर म्हणाले, ‘‘राजकारनमा असं बोलनं पडस.’’ पुरुषाने खोटं बोललं तर ते राजकारण, बायकोने ऐकलं ते खरं सांगितलं तरी गुन्हा, एवढं त्यातून मी शिकले.

पुढच्या आखाजीला भाऊ मुराळी म्हणून अक्काला आणायला गेला. आबांनी त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सांगितलं, ‘‘आते मुऱ्हाई धाडू नका. आमनी सून माहेरले जाईसन गानं म्हनस, ते आमले परवडत नही.’’ भाऊ रिकाम्या छकड्याने परत आला. त्याच्या पुढच्या वर्षीही गेला. मग जायचा थांबला. मी जायचे माहेरी, पण झोक्यावर बसावंसं वाटेना. माय दर आखाजीला अक्काच्या वाटणीचे मांडे करायची. ते मांडे सोप्यात तसेच राहायचे आणि दुसऱ्या दिवशी गुरांना जायचे.

माय गेली तेव्हा मी आणि अक्का पुन्हा भेटलो. तिला दहाव्याला आणलं, तेही दीर बरोबर, आणि त्याच दिवशी परत न्यायचं ठरवून. विहिरीवर भांडी घासताना मी तिला विचारलंच. एवढ्या दुःखातही माझ्या मनातला काटा गेला नव्हता. म्हटलं, अक्का, तू का फिरलीस?

ती राखेने तांब्या घासत होती. मग तिने सांगितलं. वकिलाने आबांना निरोप धाडला होता, की तुमच्या सुनेने बोभाटा केलाय, खालचं गाव खवळून कलेक्टरकडे गेलं तर भिंत कायमची अडकेल, मग मला बोल लावू नका. भिंत चढायला हवी तर तो भिंतीबद्दल काही बोललाच नाही, असं ठरवणं भाग होतं. आबांनी तिला चावडीवर नेलं. सगळे पंच बसले होते. तिच्या हातात पाटाचं पाणी दिलं. आबा म्हणाले, ‘‘सांग, वकील असं बोलनाच नही.’’

‘‘माय वं,’’ अक्का म्हणाली, ‘‘तठे बठ्ठा बसेल व्हतात. बठ्ठासनी ऐकेल व्हतं. मनापेक्षा जवय उभा व्हतात त्या.’’

तेच सगळे, ज्यांनी त्याच्या भाषणाला माना डोलावल्या होत्या, ज्यांच्यासमोर तो पाणी प्यायला होता, ते तिच्या तोंडाकडे बघत बसले, ती कधी म्हणते याची वाट बघत. तिचा नवराही त्यांत होता. ती म्हणाली, नही बोलना. मग आबा म्हणाले, आणखी सांग, मी खोटं बोलनू. तेही ती म्हणाली. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं होतं, म्हणून पुन्हा ओतलं आणि पुन्हा म्हणायला लावलं.

मला तेव्हा कळलं की ज्या शब्दावरून मी तिच्यावर चिडून दोन दिवस जेवले नव्हते, त्या शब्दापायी ती कुठल्या नरकातून गेली होती. मला त्या सगळ्या पुरुषांची किळस आली, अजून येते. तो वकील लबाड होता, लबाडी त्याचा धंदाच. पण ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं त्यांनी एका बाईला खोटं पाडून आपला कान झाकला. त्याने दोन गावांत दोन शब्द दिले, त्यांतला एकही त्याला कुणी परत घ्यायला लावला नाही. अक्काने एकच शब्द उच्चारला, तोही खरा, तो तिने सगळ्यांसमोर गिळला आणि वर माहेर गमावलं.

मग स्वराज्य आलं. त्या पावसाळ्यात अक्काच्या लेकीला मुलगा झाला होता आणि बारशासाठी मला बोलावणं आलं. माझ्या तिकडे जाण्याला कुणाची हरकत नव्हती, बंदी होती ती तिच्या येण्याला. मी पोचले तर गावात मांडव पडला होता. मी म्हटलं, बारशाला एवढा थाट? अक्का म्हणाली, नाही, वकील येणार आहे, झेंडा लावायला.

आता त्याच्या अंगात खादी होती. इंग्रज असताना हाच माणूस साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसून, सरकारच्या कृपेने खानदेशात सुबत्ता आहे, असं म्हणाला होता. ते धुळ्यात शेकडो लोकांनी ऐकलं होतं. आता तेच शेकडो लोक त्याला हार घालत होते. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. त्याला ओवाळायला घरच्या थोरल्या सुनेला पुढे केलं, म्हणजे अक्काला. तिने कुंकू लावलं, दिवा फिरवला. त्याने तिच्याकडे बघितलंही, पण ओळखलं नाही. ‘‘आबा, ही सून का तुमची?’’ म्हणाला. आबा आता वाकले होते, काठी टेकत म्हणाले, हो, थोरली.

भाषण लांबलं. मी आणि अक्का बायकांच्या बाजूला, मांडवाच्या खांबापाशी उभ्या होतो. मी त्याचं ऐकत नव्हते. पण मग तो थांबला, पाटाकडे हात केला आणि म्हणाला, ‘‘दहा वर्षांपूर्वी मी याच ठिकाणी, या आबांच्या ओट्यासमोर, पाटाचं पाणी हातात घेऊन तुम्हाला वचन दिलं होतं. भिंत हातभर चढवीन म्हणून. तेव्हा सरकार परकं होतं, माझे हात बांधलेले होते. पण माझा शब्द मी विसरलो नाही. आठवतं का तुम्हाला?’’

‘‘आठवस! आठवस!’’ मांडव दणाणून गेला. पहिला आवाज एका पंचाचा होता. चावडीवर अक्काच्या हातात दुसऱ्यांदा पाणी ओतलं ते त्यानेच, हे तिने मला विहिरीवर सांगितलं होतं. आबांनीही मान हलवली. आठवत होतं सगळ्यांना, चांगलं आठवत होतं.

माझ्या तोंडात शब्द आले होते, मी पुढे पाऊल टाकलं. अक्काने माझं मनगट धरलं. तिने एवढ्या जोरात कधी धरलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती. आबा खुर्चीवर आमच्या अगदी जवळ, पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. टाळ्या थांबल्यावर त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. तिची नजर त्यांना टोचली असेल, किंवा वयाने माणूस जरा नरम होतो. त्यांनी मान न वळवता, काठीच्या मुठीकडे बघत हळूच म्हटलं, ‘‘सूनबाई, येती आखाजीले माहेरले जाय.’’

अक्काने ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. म्हणाली, ‘‘कोनाकडे जाऊ आबा? माय ते ऱ्हायनी नही.’’

पुढे वकील भिंतीचा पहिला दगड कधी बसवायचा ते सांगत होता, आणि अक्का बारशाचं जेवण बघायला घरात निघून गेली.